इटलीतले मठ खरोखरच व्हॅटिकनने विकायला काढले आहेत काय?

इटलीतल्या कुठल्याशा डोंगराळ गावातला, अंगणात गवत माजलेला एक जुना मठ आणि त्या छायाचित्राखाली चार विधाने, असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर सतत पुढे ढकलला जातो. विधाने अशी: लोकांची श्रद्धा आटली म्हणून इटलीतले मठ ओस पडले, व्हॅटिकनने ते विकायला काढले, लहान गावांत चर्च एक युरोला मिळते, आणि विकलेल्या वास्तूंची पंचतारांकित हॉटेले होत आहेत. यांतले एकही विधान अगदीच हवेतून आलेले नाही. प्रत्येकात खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणूनच हा मजकूर इतका सहज पटतो.

पहिले विधान कालक्रमातच चुकते. इटलीतल्या लहान गावांमधले असंख्य मठ श्रद्धेच्या ओहोटीने नव्हे, तर सरकारी हुकमाने रिकामे झाले, आणि तेही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी. नेपोलियनच्या अमदानीत पहिला मोठा घाव बसला होता आणि १८५५ मध्ये वायव्य इटलीतल्या पिडमाँटच्या राज्याने आपल्यापुरता तसाच कायदा केला होता. पण निर्णायक ठरला तो ७ जुलै १८६६ चा हुकूम. ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपलेले आणि तिजोरीत खडखडाट, अशा वेळी नव्या इटली राज्याने धर्मसंघांची, म्हणजे मठवासी संन्याशांच्या संघटनांची, कायदेशीर मान्यता काढून घेतली आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली; पुढच्याच वर्षी आणखी एक कायदा करून चर्चच्या जमिनींची विक्री सुरू झाली. मठाच्या इमारती शाळा, दवाखाना अशा लोकोपयोगी कामांसाठी मागणाऱ्या नगरपालिकांना देण्याची तरतूद त्या हुकमातच होती, आणि मठांतले ग्रंथ व चित्रे सार्वजनिक ग्रंथालयांकडे आणि संग्रहालयांकडे जायची होती. धर्मभगिनींना अर्ज केल्यास हयातभर मठात राहता येई, परंतु त्यांची संख्या सहावर आली की त्यांना दुसरीकडे हलवण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता.

इटलीतल्या एखाद्या जुन्या शाळेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दारातून आत शिरावे आणि समोर चारी बाजूंनी कमानींची ओवरी, मधोमध विहीर आणि भिंतींवर चुन्याच्या थराखालून डोकावणारी संतचरित्राची चित्रे दिसावीत, हा अनुभव तिथे नवलाचा नाही. त्याचे मूळ या हुकमात आहे. पर्यटकांच्या आवडत्या सान जिमिन्यानो गावातला सान दोमेनिकोचा मठ तर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चक्क तुरुंग होता. मराठी वाचकाला याचे उदाहरण जवळच सापडेल. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये गोव्यातून पुरुषांचे धर्मसंघ घालवले, जुन्या गोव्यातले सेंट ऑगस्टिनचे चर्च ओस पडले आणि १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. आज उरलेला अर्धा मनोरा पाहून गोव्यातली श्रद्धा संपली असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

दुसरे विधान मालकीचे आहे, आणि ते सरळ चुकीचे आहे. व्हॅटिकन हा इटलीतल्या गावोगावच्या चर्चचा मालक नाही. नेहमीच्या उपासनेचे चर्च सामान्यतः त्या त्या पॅरिशच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या नावावर असते. काही धर्मप्रांतांची, काही बंधुसंघांची, म्हणजे सामान्य भाविकांच्या मंडळांची, काही नगरपालिकांची, तर काही खासगी घराण्यांची असतात. १८६६ नंतर सरकारकडे आलेल्या आणि उपासनेसाठी चालू राहिलेल्या आठशेहून अधिक चर्चची मालकी आज एका विशेष निधीकडे आहे, आणि १९८५ च्या कायद्याने आजचे रूप मिळालेला हा निधी चालतो गृह मंत्रालयातून. पोलीस खाते ज्या मंत्रालयाच्या अखत्यारीत, त्याच मंत्रालयाकडे फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे बॅसिलिकाची मालकी आहे, ही गोष्ट इटालियन लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ठरावीक रकमेच्या वरची चर्चची मालमत्ता विकायची झाल्यास रोमची संमती लागते, हे खरे, गैरसमजाचे मूळ बहुधा तिथे असावे. पण संमती देणारा म्हणजे मालक नव्हे.

एक युरोचे विधान तर दोन वेगळ्या बातम्यांची खिचडी आहे. सिसिलीतल्या गांजी, मुस्सोमेली, सांबुका अशा ओसरत्या वस्तीच्या गावांनी नाममात्र किमतीत देऊ केली ती पडीक राहती घरे, आणि तीही दुरुस्तीच्या अटीवर. दुसरी बातमी २०१७ ची: इटलीच्या सरकारी मालमत्ता विभागाने १०३ जुन्या वास्तू, ज्यांत काही मठही होते, पदयात्रामार्गांवरच्या सोयींसाठी ठरावीक वर्षांच्या कराराने वापरायला देण्याची योजना जाहीर केली. "इटली किल्ले फुकट वाटते आहे" असा तिचा जगभर गवगवा झाला, पण तिथे मालकी सरकारचीच राहणार होती. शिवाय इटलीच्या दिवाणी संहितेचे ८३१ वे कलम सांगते की, सार्वजनिक कॅथलिक उपासनेची वास्तू विकली गेली तरी, रीतसर निर्णय होईपर्यंत तिचा उपासनेचा वापर थांबवता येत नाही. हा निर्णय बिशपने धर्मगुरूंच्या मंडळाचा सल्ला घेऊन करायचा असतो, आणि नंतरचा वापर हीन स्वरूपाचा नसावा अशी चर्चच्या कायद्याच्या १२२२ व्या कलमाची अट आहे. त्यातच वास्तू सत्तर वर्षांहून जुनी असेल तर २००४ ची वारसा संहिता आडवी येते, आणि वारसा खात्याच्या परवानगीविना तिची विक्री किंवा फेरफार करता येत नाही.

त्याच सिसिलीतल्या सालेमीचे मुख्य चर्च आज छपराविना दिसते. ते विकले गेलेले नाही; जानेवारी १९६८ च्या बेलिचे भूकंपाने ते पाडले, आणि नंतर पोर्तुगीज वास्तुरचनाकार आल्वारो सिझा यांनी सिसिलीच्या रोबेर्तो कोल्लोवा यांच्यासह उरलेला भाग गावच्या चौकात सामावून घेतला. उंब्रियातल्या नॉर्चा गावात ३० ऑक्टोबर २०१६ च्या भूकंपाने संत बेनेडिक्टच्या बॅसिलिकाची दर्शनी भिंत तेवढी उभी ठेवली होती. पडक्या चर्चचे छायाचित्र पाहिले की आधी भूकंपाची तारीख तपासावी, असे मला वाटते.

राहिला प्रश्न हॉटेलांचा. ती आहेत, पण नवी नाहीत: सिसिलीतल्या ताओर्मिनाचा डोमिनिकन संघाचा मठ १८९६ मध्येच हॉटेल झाला. तेवढेच सांगून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे आहे, कारण एरिचे गावातल्या सान दोमेनिको, सान फ्रान्चेस्को आणि सान रॉक्को या जुन्या मठांमध्ये १९६० च्या दशकापासून भौतिकशास्त्रज्ञांच्या परिषदा भरतात, आणि मोंतेफाल्कोचे सान फ्रान्चेस्को चर्च, जिथे बेनोझ्झो गोझ्झोलीने १४५२ मध्ये संत फ्रान्सिसचे चरित्र भिंतीवर रंगवले, ते आज नगरपालिकेचे संग्रहालय आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये रोममध्ये वापरात नसलेल्या चर्चचे काय करावे याच विषयावर परिषद झाली आणि तिच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांस्कृतिक व सामाजिक वापराला पसंती देऊन नफेखोरीच्या व्यापारी वापराला नकार दिला.

खरी अडचण या फिरत्या मजकुरात येतच नाही. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, येणाऱ्यांची संख्या इटलीत घटली आहे, धर्मगुरू कमी झाले आहेत, आणि १८६६ च्या तडाख्यातून तगलेले धर्मभगिनींचे मठ आता वयोमानाने रिते होत आहेत. सिसिलीतल्या पाल्मा दि मोंतेकियारो येथील बेनेडिक्टाइन मठात बदामाची बिस्किटे आजही भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटातून दिली जातात: पैसे ठेवायचे, कपाट फिरते, पुडा बाहेर येतो, देणारीचा चेहरा दिसत नाही. अशा मठांसाठी रोमने २०१८ मध्ये नियम केला की, कायमचे व्रत घेतलेल्या धर्मभगिनी पाचवर आल्या की त्या मठाला आपली प्रमुख निवडण्याचा हक्क राहत नाही, आणि मग तो दुसऱ्या मठाला जोडायचा की बंद करायचा, याचा विचार रोममध्ये सुरू होतो.