नाव चुकलं की ‘उडवा आणि परत रन करा’? असं करू नका

इंदूरच्या आपल्या मराठी आयटीवाल्यांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय: डिप्लॉयमेंट (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणं) ऑटोमेटेड असली की नावांच्या चुका टूलच पकडतं, सगळीकडे हायफनचीच पद्धत ठेवा, तरी अडलं तर रिसोर्स (क्लाउडवर बनवलेली स्टोरेजसारखी वस्तू) उडवा आणि नव्या नावानं परत रन करा. मला यातलं काहीच पटत नाही, आणि शेवटचा सल्ला तर नव्या पोरांना गोत्यात आणेल.

टूल पकडतं ते नियमात न बसणारं नाव. नियमात बसणारं पण चुकीचं नाव ते खुशाल पुढं सोडतं. विजयनगरच्या आमच्या ऑफिसात एकदा डिप्लॉयमेंटची पाइपलाइन हिरवी, म्हणजे सगळं पास, कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसनं कॉन्फिगमॅपही (सेटिंग्जची यादी) घेतलेला, पण कंटेनर, म्हणजे ज्यात अ‍ॅप चालतं तो डबा, सारखा पडत होता. रात्री सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी व्हायची वेळ झाली तरी आम्ही फायरवॉल आणि पासवर्डच तपासत होतो. शेवटी लॉगची पहिली ओळ नीट वाचली: ‘-होस्ट’ नावाचा सर्व्हर सापडत नाही. कॉन्फिगमॅपमध्ये सेटिंगचं नाव (की) होतं ‘डीबी-होस्ट’. शेलला, म्हणजे स्क्रिप्टमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, व्हेरिएबलच्या नावात हायफन चालत नाही. स्टार्टअप स्क्रिप्टनं ‘डीबी’ एवढंच व्हेरिएबल धरलं, ते रिकामं निघालं, आणि मागचं ‘-होस्ट’ तसंच चिकटून पुढं गेलं. हायफनच्या जागी अंडरस्कोर टाकला आणि कंटेनर उभा राहिला.

म्हणजे हायफनचा मुद्दाही इथेच निकालात निघाला. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमध्ये पासवर्ड ठेवायच्या ‘की व्हॉल्ट’च्या सीक्रेटच्या नावात हायफन चालतो, अंडरस्कोर नाही. अझूरच्याच स्टोरेज अकाउंटला दोन्ही नाहीत. फक्त स्मॉल अक्षरं आणि अंक, एकूण लांबी 3 ते 24. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये (एडब्ल्यूएस) फाइली ठेवायच्या एस-3 बकेटच्या नावाला 63 अक्षरं मिळतात, ट्रॅफिक वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरला 32च. लांब नाव टेम्प्लेटमध्ये 32 वर कापलं की शेवटचं ‘प्रॉड’ आणि ‘टेस्ट’ गळतं, आणि दोघांचं नाव एकच होऊन बसतं. म्हणून एन्व्हायर्नमेंट (प्रॉड की टेस्ट) नावाच्या सुरुवातीलाच लिहा.

आता उडवण्याचं. टेराफॉर्ममध्ये (कोड लिहून क्लाउडवरचे रिसोर्स बनवायचं टूल) बकेटचं नाव बदललं की जुनी बकेट काढून नवी बनते. आतला डेटा आपोआप येत नाही. बकेट भरलेली असेल तर एररवर निभावतं, पण भरलेली बकेटही उडवू देणारं ‘फोर्स डिस्ट्रॉय’ सेटिंग चालू असेल तर डेटा गेलाच. सोडलेलं नाव दुसरं कुणी घेऊन बसू शकतं ते वेगळंच. बकेटचं खरं नाव नाही, नुसतं टेराफॉर्मच्या कोडमधलं तिचं लेबल बदलायचंय? त्यासाठी टेराफॉर्मच्या आवृत्ती 1.1 पासून ‘मूव्हड’ ब्लॉक आहे, बकेट उडवावी लागत नाही. काय बदलणार ते आधी दाखवणाऱ्या प्लॅनमध्ये ‘मस्ट बी रिप्लेस्ड’ (काढून नवं बनवावं लागेल) दिसलं, तर अप्लाय, म्हणजे बदल लागू, करण्याआधी त्या बकेटचा बॅकअप कुठं आहे ते विचारून या.