मालकाचं उत्तर: पाण्याच्या बाटल्यांबद्दल

नमस्कार सर,

आमचं हाय-फ्लो ऑक्सिजन मशीन लावल्यावर तुमच्या वडिलांच्या नाकातून रक्त आलं, घरात सगळे घाबरले, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. आता बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं. एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पण "मशीन कोरडी हवा सोडतं आणि वर पाण्याच्या बाटल्यांचे पैसे उकळतात" हे फार लागलं, म्हणून लिहितो.

हाय-फ्लो म्हणजे साधी ऑक्सिजनची नळी नव्हे, त्यात नाकातून ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा मोठा झोत देतात. डॉक्टरांनी मिनिटाला 30 लिटर लिहून दिलं होतं. एवढा झोत कोरडा गेला तर कुणाचंही नाक आतून सुकणार, खपल्या धरणार, रक्त येणार. म्हणूनच मशीन हवा 37 अंशांपर्यंत गरम करून ओली करतं. त्या तापमानाला लिटरभर हवेत 44 मिलिग्रॅम बाष्प मावतं. करा हिशेब: तासाला जवळपास 80 मिली पाणी. खोलीतल्या हवेचा ओलावा वजा केला तरी दिवसरात्र चालवल्यावर सव्वा-दीड लिटर पाणी सहज लागतं. बाटली स्टराइल वॉटरची, म्हणजे निर्जंतुक पाण्याची, छापील किमतीला. त्यात आमचा चहासुद्धा सुटत नाही हो! आम्ही चार बाटल्या पाठवल्या, दोन तुम्ही "एवढ्या कशाला" म्हणून परत दिल्यात.

रात्री फोन केलात तेव्हा "आधी पाणी बघा" एवढंच सांगितलं होतं. सकाळी आमच्याकडे कामाला असलेला मुलगा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून पोहोचला, तर बाटली रिकामी, मशीनचं पाणी तापवायचं चेंबर खडखडीत. अलार्म वाजला होता. झोपमोड होते म्हणून तो बंद केल्याचं तुम्हीच त्याला सांगितलंत.

नळी जाड होती म्हणता. नाकपुडी निम्म्याहून जास्त भरू नये, हे बघूनच त्या मुलाने मीडियम साइजची लावली होती. पट्टा मात्र नंतर कुणीतरी करकचून आवळला. नाकाखालचा लाल वण त्याचा. आणि व्हॅसलीन कृपा करून नको. ऑक्सिजनजवळ तेलकट काही लावत नाहीत, पाण्याच्या बेसची जेल मिळते. खपली नखाने काढू नका, डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब घाला. पुन्हा रक्त आलं तर आम्हाला नंतर, आधी डॉक्टरांना फोन करा.

यापुढे मशीनसोबत मराठीत सूचनांचा कागद देऊ, रात्रीच्या व्हिजिटचंही काहीतरी बघतो. परत दिलेल्या दोन बाटल्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापलेले नाहीत, पावती एकदा बघावी.