आधी फोटो काढा, गोष्ट नंतर घडेल

नुसता फोटो टाकायचे दिवस गेले. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, उन्हाने डोळे बारीक करायचे आणि खाली 'गणपतीपुळे' एवढं लिहून मोकळं व्हायचं, हे आता शोभत नाही. फोटो काय, माझ्या मावसभावाचा कुत्राही काढतो. परवा त्याने फोनवर पंजा ठेवला तर चौदा निघाले, त्यातले दोन बरे आहेत. लोकांना हवी असते ती फोटोमागची गोष्ट. ती तुमच्याकडे नसेल तर मनाला लावून घेऊ नका, माझ्याकडेही नव्हती. आज माझ्या प्रत्येक फोटोखाली तीन परिच्छेद असतात आणि घरचे सोडून सगळे ते वाचतात. त्या अनुभवावर हा सल्ला देतोय, फुकट.

आमच्या आधीच्या पिढीला हे अजिबात जमलं नाही. पुरावा आमच्या कपाटात आहे: दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद घातलेला जाडजूड अल्बम. छत्तीस फोटोंचा एक रोल तेव्हा एक बारसं, एक मुंज आणि मे महिन्याची सहल एवढं सगळं पुरवून उरायचा. त्यातल्या एका फोटोत पाचगणीचं टेबललँड, घोड्यावर मी आणि बाजूला पदर डोक्यावर घेतलेली आई. फोटो काढून पाहिला तर पाठीवर बॉलपेनने वडिलांचं अक्षर: 'टेबललँड, मे १९८८. घोडेवाला १० म्हणाला, ५ वर आला. बाळ्या सारखा रडत होता. हिला ऊन लागले.'

समोर कृष्णेचं अख्खं खोरं पसरलेलं असताना या माणसाला सुचतं काय, तर वाचवलेले पाच रुपये. गोष्ट फोटोच्या मागे असते, हे त्यांनी फारच शब्दशः घेतलं. त्यांच्या जागी मी असतो तर आईला तसंच उन्हात बसवून 'कधी कधी थांबावं लागतं, स्वतःला भेटायला' असं काहीतरी लिहिलं असतं. (बाळ्या म्हणजे मीच. घोडा चावेल म्हणून रडत होतो. हे कुठे बोलू नका.)

तर, सुरुवात एकटेपणापासून करा. एकटेपणाला फार मागणी आहे. त्यासाठी पावसाळ्यातला एखादा रविवार बघून कळसूबाईला जा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून वर निघालात की लोखंडी शिड्यांपाशी अशी रांग लागते, की पुढच्या माणसाच्या बुटाचा नंबर तुम्हाला पाठ होतो. माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथे पोचलात की मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरायला सांगा. मग तुमच्यामागे फक्त आभाळ येतं, दीडदोनशे डोकी येत नाहीत. खाली लिहा: 'मी, ढग आणि शांतता.' हा फोटो ज्याने चिखलात गुडघे टेकून काढला, ज्याच्या पाठीवर तुमची सॅक आणि काखेत तुमची छत्री आहे, त्या मित्राचा उल्लेख कटाक्षाने टाळा. नाहीतर 'एकट्याने केलेला प्रवास' असं लिहिता येत नाही. वाटेत लिंबू सरबत विकणाऱ्या बायाही वगळा. तुम्ही एकदा वर चढून 'स्वतःवर विजय' मिळवलेला असतो आणि त्या पाण्याचे कॅन घेऊन उद्या परत चढणार असतात, त्याने आपल्या विजयाचा भाव पडतो.

निसर्गात अजून दोन ठिकाणं हमखास चालतात. मे संपता संपता भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जा. ज्या फोटोत झाडच्या झाड दिव्यांनी लगडलेलं दिसतं, तो सहसा एक फोटो नसतो. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून तासभर काढलेले कित्येक फोटो संगणकात एकावर एक चढवले की झाड तसं पेटतं. तुम्ही मात्र 'त्या एका क्षणी…' अशीच सुरुवात करा. काजवा लुकलुकतो तो जोडीदार शोधायला, आणि अंधार असेल तरच त्याचं जमतं. पण आपण इतक्या लांबून पेट्रोल जाळून गेलेलो असतो, त्यामुळे गाडीचे दिवे चालू ठेवून वाट शोधायचा आपलाही हक्क आहे.

सप्टेंबरात कास. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना होते. तिथल्या कातळावर मातीचा थर इतका पातळ, की फुलंही बोटभर उंचीची. त्यातल्या निळ्याजांभळ्या इवल्या फुलांना 'सीतेची आसवं' म्हणतात. त्या आसवांवर नीट बसा, पाय पसरा, आणि 'निसर्गाशी एकरूप' असं लिहा. बसल्या जागी तुम्ही एकरूप झालेलेच असता.

बाहेर जाणं होत नसेल तरी निराश होऊ नका. रोजचं जगणं हा तर सोन्याचा हंडा आहे. पाऊस, खिडकी, चहा. कप गजांना लागून ठेवा. शेजारचं वाळत घातलेलं बनियन बाजूला करा. वाफ दिसली पाहिजे, म्हणून मागे काहीतरी काळं हवं, आमच्याकडे हिची छत्री उपयोगी पडते. पहिल्या फोटोत वाफ येत नाही. दुसऱ्यात शेजारचे जोशी येतात. चौथ्याला उजेड जातो. सातव्याला सगळं जुळून येतं तेव्हा चहावर जाड साय धरलेली असते, ती बोटाने काढून कठड्याला पुसायची आणि आठवा घ्यायचा. मग 'गरम चहाचा पहिला घोट आणि आठवणींचा पाऊस' हे लिहीत असताना स्वयंपाकघरातून विचारणा होते, "परत गरम करायचाय का? दूध संपलंय, सांगून ठेवते." हा संवाद मजकुरात घेऊ नये. आठवणींच्या पावसाला तो सोसत नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्याला खरंच नाव कमवायचंय त्याने वारी सोडू नये.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडला जाते ती दिवे घाटातून. तुम्ही पहाटे गाडीने पुढे जाऊन घाटमाथ्याजवळच्या वळणावर जागा धरा. खाली मस्तानी तलाव दिसतो, रथाला चढासाठी जादा बैलजोड्या लावलेल्या असतात, भगव्या पताकांची रेघ वळणं घेत वर येते. एवढं बघून भारावून जाऊ नका, हा फोटो तुमच्या शेजारचे सत्तर जणही काढताहेत. तुम्ही आजी शोधा. डोक्यावर तुळस असेल तर उत्तम, नसेल तर निदान सुरकुत्या. चेहरा जवळून घ्या आणि नंतर रंग काढून टाका, कारण भक्ती आणि गरिबी रंगीत फोटोत पटत नाही. नाव विचारायच्या भानगडीत पडू नये. नाव कळलं, की ती कुणाची तरी आजी होते, मग 'अवघ्या महाराष्ट्राची माय' लिहिताना हात अडखळतो.

मी हे सगळं तंतोतंत केलं. काळापांढरा फोटो आणि खाली: 'ती काहीच बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. तिच्या डोळ्यांत मला पांडुरंग दिसला.' लोक अक्षरशः रडले. आमच्या आत्याने हात जोडल्याची पाच चिन्हं टाकली. ती शोकसंदेशाखालीही तेच टाकते, पण तिथे दोन असतात. एका गृहस्थांनी तर तो फोटो छापून दिवाणखान्यात लावला आणि मला त्याचा फोटो पाठवला.

आता जे सांगतो ते सल्ल्यात धरू नका. केवळ हकिगत म्हणून सांगतो.

ती काहीच बोलली नाही, हे अगदीच खरं नाही. मी कॅमेरा खाली घेतला तशी ती थेट माझ्याकडे आली.

"काढलास? आता माझ्या मोबाइलात बी काढ."

गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिने फोन काढला. त्याला दोन रबरं लावलेली होती, एक झाकण पडू नये म्हणून आणि दुसरं, मला वाटतं, वेळेला असावं म्हणून. मी फोन हातात घेतला, तिने तुळस सरळ केली, पदर नीट केला आणि बजावलं, "रंगात काढ बरं का पोरा. लुगडं नवं हाय."

लुगडं हिरवंगार होतं, लाल काठाचं. माझ्या फोटोत ते राखाडी आहे.

"आता ह्यो सूनबाईला धाड. घाट चढायचा न्हाई तुमच्यानं, म्हनत हुती. आन खाली लिव्ह."

मी अंगठे सरसावले. म्हटलं, काय लिहू आजी? मनात दोन ओळी तयारच होत्या, एकीत चंद्रभागा होती.

"लिव्ह, घाट चढले. गुडघा बरा हाय. म्हशीला येळेवर पेंड घाल."

एवढंच? एवढंच. मी चंद्रभागा गिळून तिने सांगितलं तसं लिहिलं आणि पाठवलं. रेंज येत-जात होती, दिंडी पुढे सरकत होती, आजी मात्र हलायला तयार नाही. उत्तर येईल म्हणाली. आलंही. सुनेने शब्द एक लिहिला नव्हता, नुसता फोटो पाठवला होता: गोठा, गव्हाण आणि तीत तोंड घातलेली म्हैस, जरा हललेली.

आजीने फोन नाकाशी धरला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, तोंडाकडून गव्हाणीकडे सरकवला आणि बराच वेळ निरखून पाहिला.

"पेंड कमीच घातलीया," म्हणाली, फोन पिशवीत टाकला आणि दिंडीत शिरली.