शिवराईला आमसूल लावू नका

"आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून जुनी नाणी घासा, चकाकतील आणि दुप्पट भाव येईल" असा मेसेज रत्नागिरीकडे फिरतोय. शिवराईसारखी (शिवाजी महाराजांच्या काळापासूनची तांब्याची) नाणी चकाकतील हे खरं, भाव मात्र उतरतो. आंबटाने तांब्यावरचा काळपट थर जातो, आणि संग्राहक नेमका तोच बघतात. मिठाचं दुखणं आणखी वाईट. त्यातलं क्लोराइड धातूत राहिलं की आपल्या दमट हवेत हिरवी भुकटी धरते आणि नाणं खात जाते. (देवघरातला तांब्या रोज घासला जातो, त्याची गोष्ट वेगळी.) माती असलीच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ कापडाने टिपा, पूर्ण सुकवा. परसात खणताना सापडलेलं असेल तर घासणं राहू दे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.