डाव्या डोळ्याचा हिशेब

गेल्या महिन्यात भारतातल्या माझ्या जुन्या कॅथलॅबमधल्या, म्हणजे एक्स-रेखाली हृदयाच्या अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतल्या, एका ज्युनियर सिस्टरचा फोन आला. इंग्लंडला येण्याआधी आम्ही दोघी बरीच वर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहिलो आहोत. म्हणाली, "ताई, तिकडे डोळ्याला वीसची मर्यादा आहे ना? सर म्हणतात, इथे वीस लावली तर प्लास्ट्या बंद पडतील."

म्हणजे वाद अजून तिथेच अडकलाय. वीस की दीडशे?

हे आकडे मिलिसिव्हर्टचे, म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणांच्या मापाचे. एक्स-रेवर काम करणाऱ्याच्या डोळ्यातल्या भिंगाला वर्षभरात जास्तीत जास्त किती किरण चालतील, ती मर्यादा. जुनी मर्यादा १५० होती. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने ती २० वर आणायला सांगितलं. पाच वर्षांची सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. ब्रिटनमध्ये २० चा आकडा १ जानेवारी २०१८ पासून कायद्यात आला. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या २०११ च्या निर्देशात मात्र १५० च होता.

आकडा उतरवावा लागला त्याला बऱ्याच अंशी आमच्यासारख्यांचेच डोळे कारण आहेत. २०१० मध्ये मलेशियातली एक तपासणी प्रसिद्ध झाली. हृदयाच्या प्रक्रिया करणाऱ्या ५६ डॉक्टरांपैकी २९ जणांच्या भिंगात मागच्या बाजूला किरणांमुळे येतो तसा गढूळपणा, म्हणजे मोतीबिंदूची सुरुवात, सापडला. किरणांशी संबंध नसलेल्या २२ जणांत असे दोनच निघाले. आणि नर्स? अकरापैकी पाच. नमुना लहान आहे, कबूल. पण आपल्याकडची सगळी चर्चा डॉक्टरांच्या डोळ्यांवर चालते, म्हणून हे अकरापैकी पाच माझ्या मनातून जात नाहीत. अशा तपासण्यांच्या मागे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था होती, आणि त्या कामात पुढे होते मदन रेहानी, म्हणजे पूर्वी दिल्लीच्या एम्समध्ये प्राध्यापक असलेले. जगाला जागं करणारा माणूस आपलाच.

कॅथलॅबमध्ये कधीच न गेलेल्यांसाठी थोडं सांगते. एक्स-रेची ट्यूब टेबलाखाली असते. आमच्यापर्यंत पोचतात ते किरण बहुतेक पेशंटच्या छातीवरून विखुरलेले, म्हणजे आमच्यापुरता पेशंट हाच एक्स-रेचा दिवा. डॉक्टर पेशंटच्या उजव्या हाताला उभे राहतात, नजर समोरच्या स्क्रीनवर. त्यामुळे डावी बाजू दिव्याकडे येते आणि डावा डोळा जास्त खातो. डाव्या मुख्य धमनीची फाटाफूट पाहायला सी-आर्म, म्हणजे ट्यूब धरणारी कमान, तिरका करून स्पायडर व्ह्यू घेतात, तेव्हा ट्यूब डॉक्टरांच्या बाजूला येते आणि मारा आणखी वाढतो. त्यात नुसतं बघण्यापुरत्या फ्लुरोऐवजी जास्त किरणांचं चित्रीकरण, म्हणजे सिने, चालू असेल तर विचारूच नका. भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्याच्या पेशी झडतही नाहीत. बिघडलेली पेशी सरकत सरकत भिंगाच्या पाठीशी जाऊन साचते, नेमकी नजरेच्या वाटेवर. रात्री समोरून गाडी आली की दिवा फुटल्यासारखा पसरतो, ते यामुळे.

"त्यात काय, मोतीबिंदू वीस मिनिटांत काढतात," हे मी भारतात अनेकदा ऐकलंय. काढतात. पण चाळिशीत नेहमीचं कृत्रिम भिंग बसलं की जवळचं-लांबचं आपोआप जुळवणं संपलं. कॅथेटरची तार बघणाऱ्या माणसाला हे सोपं नाही.

आता सरांचं म्हणणं. काही आडोसा न धरता एका केसला डोळ्यावर ०.१ मिलिसिव्हर्ट पडतो असं धरू. मग २०० केसमध्ये वर्षाचे वीस संपले. सरांच्या तेवढ्या केस काही महिन्यांतच होतात, तेव्हा भीती खोटी नाही. पण छतावरून लटकणारी शिशाची काच नीट खाली ओढली आणि बाजू झाकणारा शिशाचा चष्मा घातला, तर हा आकडा कितीतरी पटींनी उतरतो. वीसमुळे काम बंद पडेल असं जो म्हणतो, तो आपण आडोशाशिवाय काम करतो हेच सांगत असतो.

आमच्या जुन्या लॅबमध्ये शिशाचा चष्मा एकच होता. सरांचा, त्यांच्या नंबरचा, त्यांच्या पैशाचा. आम्हाला एप्रन आणि थायरॉइड कॉलर. किरण मोजणारे बॅज होते, पण अर्धे कपाटात. रीडिंग वाढलं की खुलासा मागणारं पत्र येतं, मग चौकशी, मग लॅबमधून बदली. त्यापेक्षा कपाट बरं! मीही ठेवलाय, खोटं कशाला बोलू. शिवाय एप्रनच्या आत छातीवर लावलेल्या बॅजला डोळ्याचं काय कळणार?

इथले लोक शिस्तीचे म्हणून इथे बरं चाललंय, असं कुणी समजू नये. इथेही काच बाजूला ढकलून काम करणारे सीनियर आहेत, आणि 'स्थानिक नियमां'ची, म्हणजे किरणांपासून बचावाच्या लॅबच्या नियमांची, फाईल फळीवर धूळ खाते. फरक आहे तो व्यवस्थेत. संरक्षणाच्या साधनांचे पैसे मालकाने कामगाराकडून घ्यायचे नाहीत, असं १९७४ पासून इथला कायदाच सांगतो, त्यामुळे चष्मा मला मागावा लागला नाही. पहिल्या वर्षी तीन महिने डाव्या कानशिलाजवळ, डोक्याच्या पट्ट्याला अडकवलेला, किरण मोजणारा डाळीएवढा डोसिमीटर लावून फिरले. रीडिंग मर्यादेच्या बरंच खाली होतं, तरी किरणांचा हिशेब बघणाऱ्या मेडिकल फिजिसिस्ट बाई लॅबमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "अटॅकची इमर्जन्सी असताना तू कुठे उभी राहतेस ते दाखव." मी पेशंटच्या डोक्याशी गेले. औषधं द्यायची तर तिथेच जावं लागतं. छतावरची काच डॉक्टरांना झाकत होती, मला नाही. त्यांनी माझ्या जागेवर फरशीला चिकटपट्टीची खूण केली आणि आठवड्याभरात तिथे चाकांची शील्ड आली. पत्र नाही, खुलासा नाही.

आपल्याकडे २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली तेव्हा सगळा देश बोलत होता, आणि बोलायलाच हवं होतं. तो स्टेंट बसताना पेशंटच्या उशाशी कोण उभं असतं, हा प्रश्न काही त्या चर्चेत आला नाही. उद्या दीडशेचे वीस झाले तरी मोजणार कपाटातला बॅजच असेल, तर कागदावर सगळे सुरक्षितच दिसतील.

फोनवर मी तिला म्हटलं, "मर्यादेचं राहू दे. तुमची छतावरची काच कुठे असते?"

"भिंतीशी, वर ढकललेली. निर्जंतुक कव्हर संपलीत ना ताई, मग सर हात लावू देत नाहीत."

"किती दिवस?"

ती हसली. परवा तिने फोटो पाठवलाय. ऑर्थोच्या सी-आर्मचं प्लास्टिक कव्हर त्या काचेवर चढवलंय, कोपऱ्यात चिमटे लावून. एका बाजूला आखूड पडतंय.