हरित इमारत बांधताय? आधी खिडक्या बुजवा

गेल्या मंगळवारी एका सहीसाठी आमच्या आळीतल्या नव्या ‘हरित’ कार्यालयात गेलो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि लाईट गेली. बाहेर आषाढातला धो धो पाऊस, आत उकडलेल्या रताळ्यांसारखे आम्ही अकरा जण. त्या चाळीस मिनिटांत झालेलं ज्ञान तुम्हाला फुकट देतो. रत्नागिरीत, भरवस्तीत, दोन्ही अंगांना घरं चिकटलेल्या प्लॉटवर पर्यावरणपूरक कार्यालय उभारायचं असेल तर सेव्ह करून ठेवा.

शुभारंभ पाडण्यापासून करावा. या जागी जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं दुमजली घर होतं. हातभर जाड भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी. भिंतीला एक तडा नव्हता, म्हणून तर जेसीबीला दोन दिवस जास्त लागले. माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटपायी जातो. भिंती ठेवल्या असत्या तर त्यांच्यापुरतं सिमेंट वाचलं असतं. पण जुन्या भिंतीची फीत कशी कापणार?

दर्शनी बाजू काचेची घ्या, तीही पश्चिमेला. ऑक्टोबरात दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन थेट टेबलावर उतरलं पाहिजे. काचेतून ऊन आत शिरतं आणि आतली धग आतच कोंडते, हे उन्हात गाडी लावणाऱ्या कुणालाही कळतं. मग पडदे ओढा, अंधार झाला की ट्यूब लावा, आणि या सगळ्यावर एसी. खिडकी उघडायची सोय अजिबात नको. मी शिपायाला म्हटलं, “अहो, जरा खिडकी उघडा की.” तो म्हणाला, “काका, उघडणारी नाहीच आहे. डिझाईन तसं आहे.” डिझाईन! नैर्ऋत्येकडून झड येते, ती अडवायला माझी आजी पडवीला माडाचे झाप बांधायची. छप्पर भिंतीच्या तीन हात पुढे असायचं, पागोळ्या अंगणात पडायच्या. पाऊस बाहेर, वारा आत. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे जमत होतं. या काचेवर वीतभर छज्जा नाही. सिलिकॉनच्या फटीतून पाणी झिरपत होतं, खाली तीन बादल्या लावलेल्या, त्यातली एक फरशी पुसायची. आणि वाऱ्याची झुळूक नाही! पाऊस आत, वारा बाहेर. एवढं उलटं करायला नक्की किती वर्षं शिकावं लागतं?

असो. पुढे.

खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी नटबोल्ट वापरा.

जोतं शेजाऱ्याच्या ओटीपेक्षा तीन फूट उंच घ्या, पाणी जाईल कुठेतरी. (गेलं. आमच्या न्हाणीत.)

जनरेटरचं धुराडं बोळाकडे.

आता ‘लवचिकता’. खांब हॉलच्या मधोमध, संडास चार कोपऱ्यांत चार. जिना, लिफ्ट, पाण्याचे पाइप एका कडेला घेतले तर उरलेला मजला उद्या दवाखाना, परवा क्लास होऊ शकतो. तो मोह टाळा. खिडकीपासून सहाएक मीटरपर्यंतच कामापुरता उजेड पोचतो, तेव्हा मजला चांगला खोल करून मधल्यांना अंधारात बसवा. पार्टिशन जिप्समची. आमच्या पावसात ती फुगतात, त्यांवर बुरशीही येते. हरितच म्हणायची. इथला थिबा राजवाडा १९१० साली ब्रह्मदेशच्या कैदेतल्या राजाला ठेवायला बांधला, आज त्यात संग्रहालय आहे. कुणी ‘फ्लेक्सिबल’ची पाटी लावली नव्हती.

आणि पर्जन्यजल संधारणाची पाटी विसरू नका. पाटी पुरे, पाइप जोडायची गरज नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर म्हणजे १५ लाख लिटर. ते सगळं गटारात. मे महिन्यात याच दारात टँकर उभा होता, मी स्वतः पाहिला.

नाही, पुरे झाली थट्टा. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? चांगलं घर पाडता, शेजाऱ्याच्या घरात पाणी घालता, माणसांना काचेच्या डब्यात कोंडता आणि वर लॉबीत प्रमाणपत्र फ्रेम करून लावता! त्या फ्रेमखालची भिंत बघा एकदा. तिला टाइल लावली आहे. गुजरातेतल्या मोरबीची, चिऱ्याच्या डिझाइनची.