हळदीकुंकू राहू द्या, आधी कुंपणाजवळची रुई बघा

फुलपाखरांसाठी ‘मिल्कवीड’ (ज्याची पानं अळ्या खातात ते चिकाचं झाड) हवं म्हणून नर्सरीतून लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू आणायची टूम सध्या जोरात आहे. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं. प्लेन टायगर फुलपाखरू त्यावरही अंडी घालतं, खोटं कशाला बोला. पण त्याच कुळातली आपली रुई कुंपणापाशी फुकट उगवते आणि ‘साफसफाई’त पहिली तीच उपटली जाते. हे काही पटत नाही.

रुई लावायचीच असेल तर उन्हाळ्यात बोंडावर लक्ष ठेवा. शिवण सुटायला लागली की दोरा गुंडाळा, नाहीतर म्हाताऱ्या उडून गेल्याच. जूनच्या तोंडावर बी थेट जमिनीत, जेमतेम १ सेंटीमीटर खोल पेरा. सोटमूळ खोल जातं, म्हणून वाढलेलं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर बहुधा जगत नाही. कुंडी हवी तर १६ इंची, निम्मी माती, निम्मी वाळू, आणि दिवसभर ऊन. रुई मरते ती पाण्याच्या लाडानं. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, तेव्हा छाटताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

प्लेन टायगरची अंडी पानाच्या खालच्या बाजूला, सुटी सुटी, टाचणीच्या डोक्याएवढी. तीन-चार दिवसांत अळी निघते. काळे-पांढरे-पिवळे पट्टे, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. मोठी अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच गळू देते आणि मग पुढचं पान निवांत खाते. आठ-दहा अळ्या लहान रोपाचा खराटा करतात. घाबरू नका, फुटवा येतो, पण दोन-तीन झाडं असलेली बरी.

पिवळा मावा हमखास येणार. कडुनिंबाचं तेलसुद्धा फवारू नका, अळ्याही मरतात. बोटानं पुसा, बाकीचं मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) बघतील.

कोवळ्या पानांसाठी पावसाळ्याआधी निम्म्या फांद्या गुडघ्याइतक्या छाटा. उरलेल्या फुलू द्या, त्या काळ्या भुंग्यांच्या. रुईचे पराग सुटे नसतात, त्यांची पुडकी भुंग्याच्या पायाला चिकटून पुढच्या फुलावर जातात.

आणि शनिवारी मारुतीच्या हारासाठी पानं तोडता ना? तोडण्याआधी प्रत्येक पान उलटून बघा.